माग मोजले, कान मोजलेच नाहीत

इचलकरंजीत कामाचे मोजमाप काटेकोर असते. कापड मीटरवर मोजले जाते. मजुरी पिकावर, म्हणजे इंचभर कापडात बसणाऱ्या आडव्या धाग्यांवर ठरते. विजेचा जोडभार अश्वशक्तीत नोंदला जातो. एक गोष्ट मात्र कुठल्याच वहीत नसते. बारा-बारा तास मागांच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या कामगाराला दहा-वीस वर्षांनी किती ऐकू येते? केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी होईल, असे सरकारने सांगितले आहे. त्यामुळे हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही.

नारायणराव घोरपडे यांच्या जहागिरीच्या काळात, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. आज गावात लाखभर माग आहेत आणि २०२२ पासून इथे महापालिका आहे, तरी गावाचा पोत कामगारवस्तीचाच राहिला आहे. मागवाला, कांडीवाला, जॉबर, वहिफणी कामगार, सायझिंगमधला कामगार, दिवाणजी, रात्रपाळीसाठी उघडा राहणारा चहाचा गाडा अशी ही साखळी आहे. व्यापारी सूत देतो आणि खर्चीवाला यंत्रमागधारक मजुरीवर कापड विणून देतो. त्याच्या शेडमध्ये आठ, बारा किंवा चोवीस माग असतात. मजुरीवरचे कामगार मोजकेच, बऱ्याचदा तो स्वतः आणि घरची माणसेही मागावर. भिवंडी, मालेगाव आणि विट्यातही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते.

साध्या मागाचा आवाज त्याच्या रचनेतूनच येतो. धोटा एका बाजूने फटका मारून फेकला जातो, दुसऱ्या बाजूला जाऊन आदळतो आणि तिथून पुन्हा फेकला जातो. एका मागावर हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडते. एक कामगार चार ते आठ माग सांभाळतो. वर पत्रा आणि भोवती उघड्या भिंती असल्याने आवाज शोषला न जाता परत फिरतो. अशा शेडमधली पातळी साधारण ९५ ते १०५ डेसिबल भरते. शेजारी उभ्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते, ते यामुळेच.

डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. आवाज तीन डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ९० आणि १०० या आकड्यांतला फरक कागदावर किरकोळ दिसला तरी ऊर्जेच्या हिशेबात तो दहापट असतो. कारखाने अधिनियमाखालच्या नियमांनी ९० डेसिबलमध्ये आठ तास, तर १०० डेसिबलमध्ये दोनच तास अशी मर्यादा घातली होती. शंभर डेसिबलच्या शेडमधली बारा तासांची पाळी या मर्यादेच्या सहापट होते. ही मर्यादाही उदारच आहे. अनेक तज्ज्ञ संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबलची शिफारस करतात.

कानाच्या आतल्या शंखाकृती भागात प्रत्येक बाजूला सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंना समजतील अशा संकेतांत रूपांतर करण्याचे काम त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. पाळी संपल्यावर कानाला दडे बसतात, घूं असा आवाज येत राहतो आणि सकाळपर्यंत बरे वाटते. कामगार याला आजार मानत नाही, कारण तो झोपेने जातो. पण हा थकवा रोज आला की पेशी मरू लागतात. त्वचेची जखम भरते, हाड जुळते, पण माणसाच्या कानातली मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून या बहिरेपणावर औषध नाही आणि शस्त्रक्रियेचाही उपयोग होत नाही.

पहिला घाव बसतो तो चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांवर. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, तर ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते. त्यामुळे सुरुवातीला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’ किंवा ‘सहा’ आणि ‘दहा’ एकसारखे वाटू लागतात. घरचे म्हणतात, ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं.’ हा टोमणा अन्यायाचा असतो. शांत खोलीत समोरासमोर बोललेले त्याला खरेच समजते, पण लग्नाच्या गर्दीत किंवा फोनवर समजत नाही. मोठ्याने बोलूनही फारसा फायदा होत नाही, कारण अडचण आवाजाच्या मोठेपणाची नसून स्पष्टतेची असते. श्रवणयंत्राने मदत होते, पण हरवलेली स्पष्टता पूर्ण परत येत नाही.

विणकरांच्या कानांचे हे दुखणे जगाला नवे नाही. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचे बोलणे ओळखत. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या ताग विणणाऱ्या महिलांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी काहींची पन्नासेक वर्षे त्याच प्रकारच्या मागांवर गेली होती. ऐकण्याची हानी पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच झपाट्याने होते आणि वीस-पंचवीस वर्षांनंतर ती रोजच्या बोलण्याच्या पट्टीत उतरते, असे त्यातून दिसले. या निष्कर्षाचा अर्थ इचलकरंजीसाठी गंभीर आहे. विशीत मागावर उभा राहिलेला तरुण पस्तिशीला पोचेपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. चाळिशीनंतरची तपासणी ते मोजेल, थांबवणार नाही.

हे नुकसान कानापुरतेही राहत नाही. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बैठकीतून, मग बाजारातून आणि शेवटी घरातल्या बोलण्यातूनही बाजूला होतो. मध्यम वयातली श्रवणहानी हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ च्या अहवालातही नोंदवले आहे.

कायद्याला हा आजार ठाऊक आहे. आवाजामुळे येणारी श्रवणहानी जुन्या कारखाने अधिनियमात अधिसूचित व्यावसायिक रोग होती, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती आहे. अडचण पुढे येते. वीज वापरणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्यासाठी संहितेला २० कामगार लागतात, तर साध्या ‘आस्थापने’साठी १०. खर्चीवाल्याच्या शेडमध्ये दोन्ही पाळ्या धरून अनेकदा तेवढेही भरत नाहीत. शंभर डेसिबलला मात्र शेडमध्ये सहा माणसे आहेत की साठ याच्याशी देणेघेणे नसते. कायदा डोकी मोजतो, आणि ज्या उद्योगाचे कामच लहान लहान शेडमध्ये वाटले गेले आहे, तिथे सर्वाधिक गोंगाटात उभा असलेला माणूस त्या मोजणीतून सुटतो.

भरपाई मागायची तर व्यावसायिक रोगाच्या दाव्यात सलग सहा महिने नोकरी केल्याचा पुरावा लागतो. मजुरी मीटरवर, नेमणूकपत्र नाही आणि दर काही महिन्यांनी शेड बदललेली, अशा माणसाने तो कुठून आणायचा? दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांची हानी किमान ६० डेसिबल असावी लागते. ५० डेसिबलवर अडकलेल्या विणकराचा संसार विस्कटतो, पण तो कुठल्याच यादीत येत नाही. २०१२ साली शहरात काविळीची साथ आली तेव्हा रुग्णांची रोज मोजदाद झाली. बहिरेपणाची साथ येत नाही. त्याने कुणी दवाखान्यात भरती होत नाही आणि एक दिवसाची पाळीही बुडत नाही, म्हणून तो आरोग्य यंत्रणेला दिसतच नाही.

कानात घालायचे बोळे स्वस्त असतात, तरी कामगार ते टाळतो. त्याला अडाणी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण मागवाला माग कानानेच ओळखतो. फटक्याचा आवाज बदलला की बिघाड त्याला आधी कळतो आणि नुकसान वाचते. बोळे घातल्यावर ही खूण हरवेल, अशी त्याची भीती असते. ऐकणे शाबूत असलेल्याच्या बाबतीत ती बरीचशी निराधार आहे, कारण गोंगाट आणि खूण दोन्ही सारखेच कमी होतात. ज्याची श्रवणशक्ती आधीच उतरली आहे, त्याच्या बाबतीत मात्र ती खरी ठरते. शिवाय घाम, उडणारी रुई आणि तेलकट हात यांमुळे कान फुटण्याचा त्रासही होतो. म्हणजे बोळे द्यायचे ते कामाच्या पहिल्या महिन्यात, वापरायचे कसे हे शिकवून आणि नियमित बदलून.

मालकालाही एकट्याने दोष देऊन भागणार नाही. मजुरीच्या दरावर जगणारा खर्चीवाला रॅपियर किंवा एअरजेट मागासाठी लाखो रुपये उभे करू शकत नाही, आणि त्याचे स्वतःचे कानही त्याच शेडमध्ये असतात. त्याच्या आवाक्यातले उपाय साधे आहेत: झिजलेले सुटे भाग वेळेवर बदलणे, मागाखाली रबर घालणे, पत्र्याखाली आवाज शोषणारे छत लावणे. पाळी बाराऐवजी आठ तासांची झाली तर आवाजाची मात्रा एक तृतीयांशाने घटते आणि कानाला सावरायला चार तास जास्त मिळतात. पण मजुरी मीटरवर असताना तास कमी करणे म्हणजे चूल अर्धवट पेटवणे. म्हणून दराचा प्रश्न सोडवल्याशिवाय पाळीचा सुटणार नाही.

सरकारपुढचा मार्ग त्यामानाने सोपा आहे. धोकादायक कामांच्या ठिकाणी कामगारसंख्येची अट बाजूला ठेवण्याची सोय संहितेतच आहे. साध्या मागांची शेड त्यात आणता येईल. शेड शोधायला नवे सर्वेक्षणही नको, कारण यंत्रमागांना वीजदरात सवलत मिळते आणि ती २७ अश्वशक्तीच्या आत की बाहेर यावर ठरते. म्हणजे शेडची यादी सरकारकडे तयार आहे. त्या यादीनुसार श्रवण तपासणीचे फिरते पथक पाठवता येईल, पहिली तपासणी कामावर घेतानाच करता येईल, आणि तिची नोंद शेडच्या नावावर न ठेवता कामगाराच्या हाती देता येईल, म्हणजे तो शेड बदलेल तेव्हा पुरावाही त्याच्यासोबत जाईल. बहिरेपणा नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम जवळपास दोन दशके देशात सुरू आहे. त्याला मागांच्या गावांचा पत्ता देण्याचे काम राज्याच्या आरोग्य आणि कामगार या दोन खात्यांनी एकत्र बसून करायचे आहे.