घरची वीज : तिसऱ्या तारेशी खेळ नको

पुण्या-मुंबईत काय किंवा इंदूर-बडोद्यात काय, हल्ली कुठल्याही वसाहतीत रात्री दहाच्या सुमारास चक्कर मारली, तर एक दृश्य हमखास दिसते. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक पिवळी वायर खाली लोंबत असते. ती पन्हळीला वळसा घालून पार्किंगमधल्या स्कूटरपर्यंत, कधी मोटारीपर्यंत पोहोचते. गाडी घेताना घरात महिनाभर खल झालेला असतो. रंग कोणता घ्यायचा, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाईल, पेट्रोलचे किती पैसे वाचतील. पण ती ज्या सॉकेटला लावायची त्याच्यामागे भिंतीत काय आहे, हे कुणी विचारलेले नसते.

विचारायला हवे, कारण विजेवरच्या मोटारीइतके खादाड उपकरण आपल्या घरात आजवर आलेच नव्हते. गीझर दोन किलोवॉटचा असतो, पण तो पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि बंद होतो. इस्त्री मधूनमधून थांबते, एअर कंडिशनरही खोली गार झाली की दम घेतो. मोटारीसोबत मिळणारा, साध्या १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला लावायचा चार्जर सुमारे ३.३ किलोवॉटचा असतो. म्हणजे १४ अँपिअरहून अधिक प्रवाह, आणि तोही न थांबता. ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर नऊ-दहा तास! जो सॉकेट पंधरा वर्षे गीझर निमूटपणे चालवत आला, तोच या रात्रपाळीत काळवंडतो. आतल्या पितळी पट्ट्या सैल झालेल्या असतात, तिथे उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळू लागते. चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून पाहा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर मेन स्विच बंद करा आणि सॉकेट बदलेपर्यंत चार्जिंगचे नाव काढू नका.

खिडकीतून लोंबणाऱ्या वायरीचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त एक्सटेन्शन बोर्डाची तार बहुधा एक चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक असते. अशा तीस मीटर वायरीतून मोटारीचा प्रवाह गेला, तर २०० वॉटहून जास्त उष्णता त्या वायरीतच निर्माण होते. उरलेली वायर गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवली असेल, तर ती सगळी उष्णता त्या भेंडोळ्यातच कोंडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत गाडीच्या चार्जिंगसाठी एक्सटेन्शन वायरीला मनाईच आहे. चार्जिंगच्या प्रत्येक जागेला स्वतंत्र सर्किट हवे आणि सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर, म्हणजे कमरेच्या आसपास हवा, असेही त्यांत म्हटले आहे. पावसाळ्यात ज्यांच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचते, त्यांना या उंचीचे कारण वेगळे सांगायला नको.

पण आज प्रामुख्याने बोलायचे आहे ते तिसऱ्या तारेबद्दल. प्लगच्या तीन पिनांपैकी वरची पिन जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग खोचताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. हीच अर्थिंगची पिन. एरवी तिच्यातून वीज वाहत नाही, म्हणून ती बिनकामाची वाटते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तर सॉकेटला तीन भोके असतात, पण वरच्या भोकामागे तारच नसते! फ्रीज चालतो, मिक्सर चालतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो गाडी आल्यावर. मोटारीचा चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो, आणि ते नसेल तर लाल दिवा लावून अडून बसतो.

इथेच घरोघरी घात होतो. वायरमनला बोलावले जाते. तो हसतमुखाने सॉकेट उघडतो, न्यूट्रल आणि अर्थ या दोन टोकांमध्ये बोटभर वायरीचा तुकडा अडकवतो आणि पाच मिनिटांत हिरवा दिवा लागतो. घरची मंडळी खूश, वायरमन चहा घेऊन मार्गस्थ. प्रत्यक्षात अर्थिंग झालेले नसते, चार्जरला फक्त फसवलेले असते. आता गाडीचा पत्रा त्या तुकड्यातून न्यूट्रलला जोडला गेलेला आहे. उद्या मागे कुठे, मीटरपाशी किंवा बोर्डात, न्यूट्रलची तार सैल होऊन सुटली, तर घरातल्या इतर उपकरणांतून आलेली वीज त्याच वाटेने थेट गाडीच्या पत्र्यावर येईल. पुढे कुणी दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल केली, तर मग बोलायलाच नको. सकाळी ओल्या पायांनी शाळेची दप्तरे डिकीत ठेवायला जाणारे कोण असते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

हा तुकडा ओळखायचा कसा? जाणकार वायरमनकडे मल्टिमीटर असतो. फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एखाददुसरा व्होल्ट चालतो, फार वाढला तर दोष आहे. पण त्याच सॉकेटवर गीझर किंवा चार्जर चालू असतानाही तिथे अगदी नेमके शून्य दिसत असेल, तर खूश होऊ नका. सॉकेट उघडून पाहायला सांगा, कारण खरे अर्थिंग असते तेव्हा भार पडल्यावर थोडाफार फरक दिसतोच.

अर्थिंग आहे, पण कमकुवत आहे, असेही होते. बंगल्याच्या मागच्या अंगाला मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप असतो. जुन्या पिढीतले लोक उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवणीने पाणी ओतत, कारण माती कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो. समजा हा विरोध २० ओम झाला आणि गाडीच्या पत्र्यावर वीज उतरली, तर जमिनीत जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला यात काहीच वावगे वाटणार नाही. एम.सी.बी. वायर वाचवते, माणूस नाही. माणसासाठी आर.सी.सी.बी. लागते. जी विजेची गळती ओळखते आणि जिला काही घरांत अजून ई.एल.सी.बी. म्हणतात, तीच ही. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या विजेत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या तेहतिसाव्या हिश्शाइतका फरक पडला, की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. गाडीसाठी घेताना दुकानदाराकडे ‘ए’ टाइपची मागा. स्वस्तात मिळणारी ‘ए.सी.’ टाइपची गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून होणारी काही प्रकारची गळती ओळखू शकत नाही. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबावे. घरात क्षणभर अंधार झाला, तर ती जिवंत आहे!

आता इन्व्हर्टरकडे वळू. वीज गेली तर गाडी इन्व्हर्टरवर चार्ज होईल का, असे अनेक जण विचारतात. उत्तर बेरजेत आहे. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, हाती लागतात त्याहून बरेच कमी. स्कूटरची बॅटरीच तीनेक युनिटांची असते. एका गळक्या बादलीतले पाणी दुसऱ्या मोठ्या बादलीत ओतण्याचा हा उद्योग, शिवाय पंखे आणि दिवेही जाणार. मोटारीच्या चार्जरचा भार तर घरगुती इन्व्हर्टरला पेलतच नाही. म्हणून गाडीचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊच नये. मोठा इन्व्हर्टर किंवा जनरेटर असला, तरी चार्जर पुष्कळदा लाल दिवाच दाखवतो. अशा यंत्रांतला न्यूट्रल बहुधा जमिनीशी जोडलेला नसतो, त्यामुळे अर्थिंगची खात्री पटत नाही. मग पुन्हा तोच वायरमन, तोच तुकडा.

इन्व्हर्टरमुळे आणखी एक गोंधळ होतो आणि त्यात बळी जातो तो आर.सी.सी.बी.चा. पुष्कळ घरांत इन्व्हर्टरवरच्या दिव्यांना फेज वेगळी दिलेली असते, पण न्यूट्रल मात्र सगळ्या घराचा एकच. मग एका वाटेने गेलेली वीज दुसऱ्या वाटेने परत येते, आर.सी.सी.बी.ला ती गळती वाटते आणि ती वारंवार पडते. चार-सहा वेळा अंधार झाला की घरातले वैतागतात आणि ‘हे यंत्रच खराब आहे’ असे म्हणून वायरमन ते बाजूला काढून थेट जोडणी करून देतो. आमच्या ओळखीच्या दोन घरांत हेच झाले. खरा उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल स्वतंत्र करणे. अर्धा दिवस जातो, भिंतीवर एखादी केसिंग पट्टी वाढते, एवढेच.

उलटा प्रवास मात्र आता शक्य झाला आहे. २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉनसारख्या काही मोटारी आपल्या बॅटरीतून बाहेर वीज देतात. फ्रीज, पंखे, मोबाइल रात्रभर चालावेत एवढी वीज त्यांच्यात असते. जरूर वापरावी, पण उपकरण थेट गाडीच्या जोडणीला लावून. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून गाडीची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडण्याचा उपद्व्याप जीवघेणा आहे. मेन स्विच चालू राहिला, तर ती वीज बाहेरच्या लाइनवर जाते, आणि तिथे खांबावर चढलेल्या लाइनमनला लाइन बंद असल्याचे सांगितलेले असते. सारे घर गाडीवर चालवायचेच असेल, तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. वीज मंडळाची आणि गाडीची वीज तो कधीही एकत्र येऊ देत नाही.

स्कूटरवाल्यांनी, विशेषतः बॅटरी काढून घरात आणणाऱ्यांनी, मार्च २०२२ मधली वेल्लोरची घटना विसरू नये. रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि धुराने गुदमरून वडील व मुलगी दगावले. बॅटरी झोपण्याच्या खोलीत, पलंगाखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दारापाशी चार्ज करू नये. जिन्याखाली इन्व्हर्टर असेल तर तिथेही नको.

राहता राहिला सोसायटीचा प्रश्न. आपल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाइपमधून आणणे हा साधा मार्ग, मोठा ७.२ किलोवॉटचा चार्जर असेल तर सहाची किंवा त्याहून जाड. त्याआधी विजेच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते पाहा आणि लागल्यास वाढवून घ्या. मीटर फार लांब असेल, तर दुसरीही वाट आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. अर्ज करताना सोसायटीच्या सचिवांना बरोबर न्यावे. पुढच्या वर्षी त्यांचीही गाडी येणारच असते.