साक्षरतेचे सेवाव्रत

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मोत्सव, तसाच आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती. स्त्रियांची मात्र ७५.८७. २०१६ साली मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी योगेंद्र बांगर गुरुजींनी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. घरकाम आटोपल्यावर, दुपारी वर्ग भरे. यशाचे मर्म तेथेच आहे. २०२२ ते २०२७ साठीचा ‘उल्लास’ कार्यक्रमही स्वयंसेवकांच्या विनामोबदला सेवेवरच उभा आहे. गोदामे आणि मालवाहतुकीच्या वाडीत न वाचताच अंगठा उमटवणाऱ्या कामगाराचा हक्क धोक्यात येतो. त्याच्या सवडीने शिकवणाऱ्या प्रौढशिक्षकांचा आम्ही मनःपूर्वक गौरव करतो. आपल्या धर्मग्रामाचे सभागृह सायंकाळी त्यांच्यासाठी खुले असावे.