सातूच्या वाणाची परीक्षा शेतातच व्हावी

जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांतील जिराईत शेतांस मिळाले आणि तेथे बागायत पिके उभी राहिली. तथापि भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. पाणी बेताने न दिल्यास क्षार वर येतात व सखल भागात पांढरे चट्टे पडतात. तेथे गहू-हरभरा साधत नाही. मग सातू, म्हणजेच जव, पेरून पाहावा असा विचार पुढे येतो.

हा विचार अयोग्य नव्हे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता सुमारे 6 डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की गव्हाचे उत्पन्न घटू लागते; सातू 8 पर्यंत तग धरतो. परंतु सर्वच वाण सारखे नसतात. आर. डी. 2794, एन. डी. बी. 1173 यांसारख्या क्षारसहिष्णू वाणांची शिफारस उत्तरेकडील राज्यांसाठी झालेली आहे. तिकडची थंडी लांब, आपली आखूड. आपली जमीनही निराळी. यास्तव पिशवीवरील शब्दावर विसंबून संपूर्ण शेत पेरणे आम्हांस धोक्याचे वाटते.

मिठाच्या पाण्यात बी उगवून पाहणे ही देखील पुरी परीक्षा नव्हे. सातू उगवणीच्या वेळी नाजूक असतो; तेव्हा वरच्या थराची वाहकता 4 ते 5 च्या वर नसावी. उगवणीत उतरलेला वाण दाणा भरतेवेळी टिकेलच, असेही नाही.

म्हणून शेताचे चांगला, मध्यम व खारवट असे तीन भाग करावेत. पेरणीपूर्वी प्रत्येक भागाची माती तपासून घ्यावी. प्रत्येक भागात प्रत्येक वाण व शेजारी नेहमीचा गहू, एकाच दिवशी सारख्या वाफ्यांत पेरावा. एक वाण उंचवट्यावर व दुसरा चट्ट्यात पडल्यास तुलना फसते. शेवटी मळणीचे वजन करावे.

समजा, चांगल्या जमिनीत एका वाणाने गुंठ्यास 20 किलो व खारवट जमिनीत 10 किलो दिले. दुसऱ्याने अनुक्रमे 11 व 9. टक्केवारीत दुसरा सरस ठरेल. परंतु शेतकरी घरी दाणे नेतो, टक्के नव्हे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आपल्या नोंदवहीत दोन्ही आकडे लिहावेत व शिफारस मात्र दाण्यांवरून करावी.

एक गोष्ट विसरता कामा नये. क्षार सोसणारा वाण जमीन सुधारीत नाही. तो केवळ सवड देतो. त्या सवडीत चर खोदून निचरा साधला नाही, तर आज सातू देणारा चट्टा उद्या तोही देणार नाही.