पुवाळलेले फोड आणि कोरडे नळ

गरिबाघरच्या मुलांच्या अंगावरील पुवाळलेले फोड हा त्यांच्या आईच्या गलथानपणाचा पुरावा होय, अशी सुखवस्तू समाजाची जुनी समजूत आहे. वैद्यकात या रोगास इम्पेटिगो म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस व स्टॅफिलोकॉकस हे जीवाणू ओरखड्यातून आणि उष्ण प्रदेशांत विशेषेकरून खरजेच्या किड्याने पोखरलेल्या कातडीतून आत शिरतात. फोड फुटतो, मधाच्या रंगाची खपली धरते आणि एकाच अंथरुणात झोपणाऱ्या भावंडासही तोच प्रसाद मिळतो. काही मुलांना पुढे मूत्रपिंडाचा दाह होतो. परंतु मूल सहसा दगावत नाही, म्हणूनच हा रोग कोणाच्या हिशेबात येत नाही. २०१५ साली जगभरच्या पाहण्यांची छाननी झाली, तेव्हा कोणत्याही एका वेळी १६ कोटी २० लाखांहून अधिक मुलांस तो असतो, असा अंदाज निघाला. ऑस्ट्रेलियातील दुर्गम आदिवासी वसाहतींत हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते.

ऑस्ट्रेलिया हा काही दरिद्री देश नव्हे. मग तेथे हे का घडावे? त्याचे उत्तर जीवाणूशास्त्रापेक्षा नळकामात अधिक सापडते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या आरोग्यसंस्थेने १९८७ साली एक अहवाल सिद्ध केला. निरोगी राहण्यास आवश्यक अशा नऊ गोष्टींत त्याने पहिले स्थान दिले ते अंग धुण्यास, त्यातही मुलांचे अंग धुण्यास. त्यातून पुढे घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. पाहणीच्या दिवशीच दुरुस्तीस प्रारंभ करावयाचा, हा त्याचा दंडक. (आपल्याकडील पाहणी समित्यांनी तो जरूर अभ्यासावा.) पहिल्या तपासणीत अवघ्या ३५ टक्के घरांत अंघोळीचा शॉवर चालू स्थितीत आढळला. दोष कोणाचा? बहुतांश बिघाड देखभालीच्या अभावाने आणि त्याखालोखाल निकृष्ट बांधकामाने झालेला होता. घरातील माणसांच्या हयगयीचा वाटा एक दशांशाहूनही कमी भरला. म्हणजे ज्यांच्यावर अस्वच्छतेचा आरोप, त्यांच्या घरी धुण्यासाठी पाणीच येत नव्हते! न्यू साउथ वेल्स राज्याच्या आरोग्यखात्याने २०१० साली या कार्यक्रमाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. दुरुस्ती न झालेल्या ग्रामीण आदिवासी वस्त्यांच्या तुलनेत, दुरुस्ती झालेल्या घरांतील माणसे संसर्गजन्य रोगांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळले.

कराचीच्या झोपडवस्त्यांतील प्रयोगाची कथा याहून बोलकी आहे. घरोघर साबण फुकट पुरविला आणि हात धुण्याचा सतत आग्रह धरला, तेव्हा पंधरा वर्षांखालील मुलांत इम्पेटिगो ३४ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. काही घरांना साधा, तर काहींना जंतुनाशक साबण दिला होता. जंतुनाशकाचा अधिक लाभ काहीच दिसला नाही. जाहिरातींवर भुलणाऱ्या मध्यमवर्गानेही हे ध्यानात ठेवावे.

औषधाने हा प्रश्न सुटणार नाही काय? बऱ्याच अंशी सुटतो, हे मान्य केले पाहिजे. फिजीत काही बेटांवरील सर्व रहिवाशांना खरजेवरील आयव्हरमेक्टिन देण्यात आले. वर्षभरात खरूज ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आणि इम्पेटिगो २४.६ वरून ८ टक्क्यांवर उतरला. तेव्हा गोळी नाकारणे हा शुद्ध हटवाद ठरेल. परंतु गोळ्यांची मोहीम एका अंदाजपत्रकात बसते. नळ मात्र दरवर्षी दुरुस्त करावा लागतो, आणि त्याच्या दुरुस्तीचे उद्घाटन कोणी मंत्री करीत नाही.

महाराष्ट्रातील आदिवासी आश्रमशाळांत खरूज आणि तिच्यावर पिकलेले फोड हे शिक्षकांच्या रोजच्या पाहण्यातले. तेथे मलम वाटले जाते, तक्ते भरले जातात. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने घालणे कठीण नाही : वसतिगृहातील किती न्हाणीघरांत आज पाणी आले आणि किती मुलांना स्वतंत्र अंथरूण मिळाले. हे आकडे फोडांच्या आकड्यांशेजारी दरमहा शाळेच्या फळ्यावर लिहावेत आणि पालकांच्या सभेत वाचून दाखवावेत, अशी मागणी त्या त्या तालुक्यातील कार्यकर्त्यांना आजही करता येईल.