सत्तावीस लिहिताना चुकते कोण?

प्रतिवर्षी दुसरीच्या वर्गात एक प्रसंग हमखास घडतो. आम्ही ‘सत्तावीस’ लिहावयास सांगतो आणि चार-सहा वह्यांत ७२ उमटतात. वर्षानुवर्षे आम्ही त्यावर लाल फुली मारीत आलो. वास्तविक त्या मुलाने शब्द अचूक ऐकलेला असतो. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी येतात, वीस मागून, मूल त्याच क्रमाने लिहिते. ‘एकोणपन्नास’ म्हणताना पन्नास ऐकू येतात, लिहावयाचे असतात ४९. एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी सवय लागावी, तोच ‘नव्याण्णव’ वेगळ्याच वाटेने येते. कानडी व तेलुगू मुलाला ही अडचण नाही. तेथे वीस आधी, सात नंतर.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस सात’ या धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीवर मराठी मोडीत काढल्याचा आरोप झाला. भाषेविषयीची ती काळजी आम्हांला समजते. परंतु त्या गदारोळात वह्यांतील ७२ कडे फार थोड्यांचे लक्ष गेले. आमचे मत स्पष्ट आहे : आरंभी ‘वीस सात’ म्हणू द्यावे, हाती दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या द्याव्यात, आणि संख्या मनात रुजली की ‘सत्तावीस’ हा शब्द मायभाषेचे लेणे म्हणून अवश्य शिकवावा. दोन्ही राहतात, क्रम तेवढा बदलतो.

हा प्रश्न निवासी शाळेत अधिक जिव्हाळ्याचा आहे. आमच्याकडील कित्येक मुलांचे आईवडील ऊसतोडीला वा बांधकामावर जातात. काही मुले वर्षाच्या मध्यावरच दाखल होतात. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. सायंकाळी अडले तर विचारावयास घर जवळ नसते. अशा मुलाच्या वहीवर फुल्या वाढत गेल्या की ‘याच्या डोक्यात गणित शिरत नाही’ हा शिक्का बसतो. आपल्या समाजाने असे शिक्के पिढ्यान् पिढ्या सोसले आहेत. ते आपल्याच शाळेत, आपल्याच हातून बसू नयेत.

यात आमचाही दोष आहे. पाढे खणखणीत आवाजात म्हणवून घेतले की गणित आले, असे आम्ही मानीत होतो. ‘बे चोक आठ’ घडाघड म्हणणाऱ्या मुलासमोर दोन वाट्या ठेवून ‘प्रत्येकीत चार चिंचोके टाक, किती झाले?’ असे विचारले, तेव्हा तो गोंधळला. पाढे नकोत असे आम्ही म्हणत नाही. ते मोजण्यामागून यावेत, इतकेच. वजाबाकीचेही तसेच. ४२ मधून १७ वजा करताना ‘शेजारून एक घेतला’ असे आपण सांगतो. तो एक म्हणजे दहा आहेत, हे सुटलेला गठ्ठा पाहिल्यावाचून कसे कळावे?

सुदैवाने वसतिगृह हीच गणिताची उत्तम प्रयोगशाळा आहे. भोजनगृहात दहा-दहा ताटांच्या चळती लावण्याचे काम आम्ही लहानांकडे सोपविले आहे. सत्तावीस मुलांना प्रत्येकी दोन भाकऱ्या म्हणजे पाच चळती आणि वर चार, हे ती आता वहीवाचून सांगतात. यासाठी पहिले काही महिने पाठ्यक्रम संथ चालतो, हे मान्य. परंतु पायाच कच्चा राहिला तर पाचवीत भागाकारापाशी तेच मूल अडते, आणि तेव्हा लागणारा वेळ कितीतरी अधिक असतो.

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक बालकाला वाचन, लेखन व संख्याज्ञान यावे, हे त्याचे उद्दिष्ट. आदेश आणि तक्ते येत राहतील. मुलाच्या हाती काड्यांचा गठ्ठा मात्र आपणच द्यावयाचा आहे.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची एकच विनंती : सुट्टीत मूल घरी आले की ‘पाढे येतात का?’ असे विचारू नका. मूठभर शेंगा पुढे ठेवा, दहा-दहांचे ढीग करावयास सांगा, आणि त्याचे मोजून होईपर्यंत थांबा.