लांडोर बंगला जपला, मग आपल्या गाण्यांच्या खोल्या कोण जपणार?

लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत बीटल्सची गाणी रेकॉर्ड झाली. २०१० साली ब्रिटनने त्या इमारतीला वारसा म्हणून संरक्षण दिले आणि त्याच वर्षी समोरच्या झेब्रा क्रॉसिंगलाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे वारसा ठरले! मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरचे नाव निघाले की आर. डी. बर्मनचे चाहते असेच हळवे होतात.

हे सगळे अंधश्रद्धा म्हणून आम्ही उडवून लावत नाही. जुन्या हॉलमध्ये वादकांचा ताफा एकत्र बसून वाजवायचा. एक चुकला की बहुतेकदा सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. माइक गायकाच्या आवाजासोबत खोलीचा घुमारही टिपायचा, म्हणून त्या गाण्यांत खोली खरोखरच ऐकू येते. बाकीचे काम आठवण करते. आणि काय आठवायचे हे एकटा माणूस नाही, समाज ठरवतो. आमचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

भीमगीतांची खोली कोणती? वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. त्यांचा स्टुडिओ म्हणजे वस्तीतला मंडप आणि पुढ्यात बसलेली माणसे. प्रल्हाद शिंदेंचा आवाज कॅसेटमधून घराघरांत पोहोचला. पण आमच्या हाती आलेल्या जुन्या कॅसेटच्या कागदावर गायकाचे नाव मोठे, कंपनीचे त्याहून मोठे, आणि ढोलकी कुणी वाजवली, कोरसमध्ये कोण होते, रेकॉर्डिंग कुठे झाले, याचा बहुतेकदा पत्ताच नाही. ज्यांचे नावच लिहिले नाही, त्यांच्या खोलीला वारसा कोण म्हणणार?

आज जळगाव-धुळ्यात भाड्याच्या खोलीत, भिंतीला फोम चिकटवून, एका कॉम्प्युटरवर स्टुडिओ चालतात. अहिराणी गाणी तिथून यूट्यूबवर जातात. एप्रिल जवळ आला की जयंतीच्या गाण्यांची घाई सुरू. ‘तिथे कसले आलेय वातावरण?’ असे नाक मुरडणारे आहेत. आम्हाला ते पटत नाही. माइकसमोर उभे राहायला शिफारस लागत नाही, हे वातावरण आमच्या आधीच्या पिढीला कुठे मिळाले होते? तक्रार एकच. हार्ड डिस्क भरली की जुन्या फाइली उडवतात, आणि वादकाचे नाव आजही कुणी लिहीत नाही.

जागा जपणे खान्देशाला नवे नाही. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या दिवसाच्या आठवणीत आजही ३१ जुलैला तिथे लोक जमतात. त्याच गर्दीत एक टेबल मांडता येईल. घरातली कॅसेट आणा, तिथेच मोबाइलवर उतरवून घ्या, कागदाचा फोटो काढा, कोरसमध्ये गायलेल्या आजींना बसवून नावे सांगायला लावा. फितींना बुरशी धरते आहे आणि ढोलकीवाले म्हातारे झालेत. टेबल जुलैत लागेल, पण घरातली कपाटे या रविवारीच उघडावी लागतील.