चेकची तारीख आणि वसुलीची तारीख

नोव्हेंबर 2015मध्ये संयुक्त अरब अमिरातींच्या बँक महासंघाचे अध्यक्ष अब्दुल अझीझ अल घुरैर यांनी सांगितलेल्या आकड्याने दुबईच्या व्यापारी पेठेत खळबळ उडाली. लहान-मध्यम उद्योगांचे अनेक मालक देश सोडून गेले होते आणि मागे सुमारे 5 अब्ज दिरहमांचं कर्ज राहिलं होतं.

त्यात लबाड माणसं होतीच. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, तर आपल्या व्यवसायाला त्यातून काही शिकता येणार नाही. जून 2014मध्ये पिंपाला 110 डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी 2016मध्ये 30च्या खाली आलं. बांधकामांची बिलं रखडली. मुख्य कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराचे पैसे अडकवले, त्याने सळई-वायर पुरवणाऱ्याचे. साखळीच्या शेवटी उभ्या असलेल्या दुकानदाराचा चेक मात्र ठरल्या तारखेला बँकेत हजर झाला.

शारजातला एखादा हार्डवेअरचा व्यापारी डोळ्यांपुढे आणा. तो दरमहा 2 लाख दिरहमांचा माल ट्रस्ट रिसीटवर आणतो. पुरवठादाराला बँक पैसे देते आणि ते व्यापाऱ्याने 90 दिवसांत फेडायचे असतात. हाच माल तो 2 लाख 30 हजारांना, 120 दिवसांच्या उधारीवर विकतो. म्हणजे एका महिन्याची खरेदी कायम त्याच्या खिशातून. गिऱ्हाइकाने आणखी एक महिना लावला की 4 लाख अडकले. त्यात व्हॅट! गिऱ्हाइकाने छदामही दिलेला नसताना बिलावरचा 5 टक्के कर तिमाही संपल्यावर 28 दिवसांत भरावा लागतो. दुकानभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच दिलेले असतात. ताळेबंदात नफा आणि खात्यात खडखडाट, अशी ही अवस्था.

यातून सुटण्यासाठी तो दुसऱ्या बँकेचं कर्ज काढतो आणि त्यातून पहिलीचे हप्ते भरतो. आमच्या मते कर्ज बुडतं ते इथेच. हप्ता थकल्याचं पत्र फार उशिरा येतं.

2015च्या त्या काळात खात्यात पैसे नसल्याने चेक परत जाणं हा फौजदारी गुन्हा होता. तुरुंगाच्या भीतीने माणूस बँकेशी बोलण्याऐवजी विमानतळ गाठायचा, आणि चालू धंद्याला कुलूप लागल्यावर वसुली आणखीच अवघड व्हायची. 2 जानेवारी 2022पासून ही तरतूद बदलली. फसवणुकीचे प्रकार सोडले तर आता बँक शिल्लक असेल तेवढी रक्कम देते आणि उरलेल्या रकमेसाठी धनकोला थेट अंमलबजावणी न्यायालयात जाता येतं.

तरीही ‘गावी निघून गेलं की सुटलो’ हा समज आपल्या लोकांत अजून आहे. जानेवारी 2020च्या भारत सरकारच्या अधिसूचनेनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली अमिरातींतल्या न्यायालयांचे दिवाणी हुकूमनामे भारतातल्या जिल्हा न्यायालयांमार्फत अमलात आणता येतात. दुबईचं देणं नाशिकच्या फ्लॅटपर्यंत पोचू शकतं.

म्हणून सल्लागारांना आणि कर्ज मंजूर करणाऱ्यांना विनंती: उलाढालीचा आकडा बघण्याआधी येणी किती दिवसांची आहेत आणि त्यातली किती एकाच गिऱ्हाइकाकडे आहेत, हे दरमहा विचारा. पहिला चेक अडचणीत येतोय असं दिसताच अशिलाला घेऊन स्वतः बँकेत जा. फेररचनेची बोलणी हप्ता थकण्याआधीच सुरू करा.